गोळी दुप्पट केली, हिमोग्लोबिन मात्र जागेवरच

प्रश्न : माझं वय ३८, वजन ५५ किलो. सहा वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे. सांधे फारच दुखले की डायक्लोफिनॅक घेते. गेल्या काही महिन्यांत ते जवळजवळ रोजचंच झालंय. पित्तासाठी सकाळी पँटोप्राझोल, रात्री कॅल्शियम. तीन महिन्यांपूर्वी हिमोग्लोबिन ९.३ आलं म्हणून १०० मिलिग्रॅम लोहाची गोळी सुरू केली. फरक पडेना म्हणून महिन्याभराने मीच ती दिवसातून दोनदा घ्यायला लागले. आता हिमोग्लोबिन ९.६ आहे. पोटात मळमळतं, बद्धकोष्ठता आहे, शौचाला काळी होते. पाळी सात-आठ दिवस चालते. बाकीचे आकडे असे : एमसीव्ही ७७, सीरम आयर्न २८, टीआयबीसी २६५, फेरिटिन ८६, सीआरपी ३२. फेरिटिनसमोर 'नॉर्मल' छापलंय. म्हणजे माझ्यात लोह कमी आहे की नाही? गोळ्या आणखी वाढवू की बंद करू? — एक वाचक

उत्तर : नमस्कार. गोळी वाढवू नका. दिवसाला दोनवरून एक दिवसाआड एकवर या. कसं ते पुढे सांगितलंय. आणि फेरिटिनसमोर काहीही छापलेलं असलं, तरी तुमच्यात लोह कमी आहे असंच हे आकडे सांगतात. मात्र हिमोग्लोबिन उतरायला तेवढं एकच कारण नाही. सांध्यांमधला दाह तुमच्या शरीरातलं लोह अडवून धरतोय, आणि जोवर तो चालू आहे तोवर तोंडाने घेतलेल्या लोहाचा मोठा भाग वाया जाणार.

हे अडवण्याचं काम करतं हेपसिडीन नावाचं संप्रेरक. यकृतात तयार होणारं, अवघ्या २५ अमिनो आम्लांचं. त्याचा शोध २००० च्या आसपास लागला, त्यामुळे ज्यांचं वैद्यकीय शिक्षण त्याआधी झालं त्यांच्या पाठ्यपुस्तकात ते नव्हतंच. लोह ज्या पेशींतून रक्तात उतरतं, त्यांच्या पृष्ठभागावर फेरोपोर्टिन नावाचं प्रथिन असतं. पेशीतून लोह बाहेर पडायचं ते एकमेव दार. हेपसिडीन या फेरोपोर्टिनला चिकटतं, पेशी ते प्रथिन आत ओढून मोडून टाकते, आणि लोह आतच राहतं. २००४ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं गेलं.

ही दारं मुख्यतः तीन ठिकाणी आहेत : लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी, यकृताच्या पेशी, आणि प्लीहा व यकृतातल्या मॅक्रोफेज पेशी. तुमच्यासाठी यातल्या मॅक्रोफेज सगळ्यात महत्त्वाच्या. जुन्या झालेल्या तांबड्या पेशी गिळून त्यांतलं लोह परत वापरात आणण्याचं काम त्या करतात. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह या वाटेने रक्त तयार करणाऱ्या अस्थिमज्जेपर्यंत पोचतं. आतड्यातून रोज शोषलं जातं ते फार तर १ ते २ मिलिग्रॅम. म्हणजे नवं रक्त बनवायला लागणारं बहुतेक सगळं लोह जुन्या रक्तातूनच येतं. रक्तात फिरत असलेलं लोह एका वेळी जेमतेम ३ मिलिग्रॅम असतं, ते दिवसातून अनेकदा संपतं आणि पुन्हा भरलं जातं. मॅक्रोफेजची दारं मिटली की काही तासांत सीरम आयर्न खाली येतं. शरीरात लोह असतं, पण मज्जेला मिळत नाही.

एरवी हेपसिडीन लोहाच्या साठ्यानुसार कमी-जास्त होतं. साठा भरला की वाढतं, रिकामा झाला की उतरतं. रक्तस्रावानंतर मज्जा जोरात कामाला लागली की तिथल्या कोवळ्या पेशी एरिथ्रोफेरोन नावाचा संदेश सोडतात, त्यानेही हेपसिडीन दबतं. जास्तीचं लोह बाहेर टाकायची शरीराकडे वेगळी सोय नाही, त्यामुळे सगळं नियंत्रण आत घेण्यावरच चालतं.

दाह मात्र या हिशेबाला जुमानत नाही. संसर्ग असो वा तुमच्यासारखा स्वप्रतिकार आजार (ज्यात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते), सुजलेल्या ऊतींतून इंटरल्युकिन-६ नावाचं रसायन रक्तात येतं आणि यकृताला थेट हेपसिडीन बनवायला लावतं, साठा भरलेला असो की रिकामा. निरोगी स्वयंसेवकांना तीन तास इंटरल्युकिन-६ दिल्यावर लघवीतलं हेपसिडीन कित्येक पटींनी वाढलं आणि सीरम आयर्न सुमारे एक तृतीयांशाने घसरलं. याची उलट बाजूही माहीत आहे. यकृतात हेपसिडीन बनवणाऱ्या गाठी असलेल्या काही रुग्णांचा अ‍ॅनिमिया लोह देऊन हटत नव्हता. गाठ काढल्यावर तो बरा झाला.

शरीर असं का करतं? जंतूंनाही वाढायला लोह लागतं. संसर्गाच्या दिवसांत रक्तातलं लोह आवरून ठेवणं हा बचाव आहे, आणि काही जंतूंच्या बाबतीत तो जीव वाचवतो. चार-आठ दिवसांच्या तापात त्याची किंमत नगण्य. तुमच्या सांध्यांत जंतू नाहीत, पण यकृताला ते कळायची सोय नाही, आणि तिथली धोक्याची सूचना सहा वर्षं बंद झालेली नाही.

आता आकडे. फेरिटिन हे लोह साठवणारं प्रथिन, पण दाहात ते आपोआपही वाढतं. त्यामुळे फेरिटिन वाचायच्या आधी सीआरपी, म्हणजे रक्तातलं दाहाचं माप, बघावं लागतं, आणि प्रयोगशाळेचा छापील कागद ते करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांमधली लोहाच्या कमतरतेची मर्यादा निरोगी माणसासाठी १५ आणि दाह किंवा संसर्ग असेल तर ७० अशी आहे. सांध्यांचे आणि आतड्यांचे दाहक आजार बघणारे बरेच डॉक्टर दाह असताना १०० पर्यंत संशय धरतात. सीआरपी ३२ असताना तुमचं ८६ या संशयाच्या पट्ट्यातच बसतं. सीआरपी ३ असतं, तर याच ८६ कडे पाहून साठा रिकामा नाही असं सांगता आलं असतं.

टीआयबीसीही (रक्ताची लोह वाहून नेण्याची क्षमता दाखवणारा आकडा) तसाच फसवा. निव्वळ लोहाच्या कमतरतेत तो वाढतो, बहुधा ४०० च्या पुढे जातो, दाहात उतरतो. तुमचा २६५ आहे, म्हणजे दोन्ही ओढी एकमेकींना खाताहेत. सीरम आयर्नला टीआयबीसीने भागून १०० ने गुणलं की ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन मिळतं, म्हणजे लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफेरिन या प्रथिनाचा किती भाग भरलेला आहे ते. तुमचं येतं १०.६ टक्के. २० च्या खाली म्हणजे मज्जेला लोह पुरत नाही. इतकं कमी सॅच्युरेशन नुसत्या दाहातही दिसू शकतं, म्हणून या एका आकड्यावर निकाल देता येत नाही.

निकालाकडे झुकवतो तो एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार. नुसत्या दाहाच्या अ‍ॅनिमियात तांबड्या पेशींचा आकार सहसा नेहमीचाच राहतो, फार तर किंचित लहान. मेथोट्रेक्सेट तर पेशी मोठ्या करणारं औषध. ते चालू असताना एमसीव्ही ७७ पर्यंत उतरला असेल, तर खरीखुरी कमतरता सोबत असण्याची शक्यता मोठी आहे. त्यात लांबलेली पाळी आणि रोजचं डायक्लोफिनॅक. आमचं मत : मिश्र अ‍ॅनिमिया, म्हणजे दाह आणि कमतरता दोन्ही. पूर्वीपासूनच पेशी लहान असतील तर थॅलेसेमिया मायनर (रक्ताचा सौम्य आनुवंशिक दोष) आहे का, हेही एकदा बघावं लागेल. आजार सुरू व्हायच्या आधीचा एखादा रिपोर्ट घरात असेल तर शोधून ठेवा, फार उपयोगी पडतो.

शंका उरलीच तर सोल्युबल ट्रान्सफेरिन रिसेप्टर ही तपासणी विचारा. दाहाचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही आणि खऱ्या कमतरतेत ती वाढते. फेरिटिनच्या लॉगॅरिदमने भागून तिचा निर्देशांक काढतात : १ च्या खाली असेल तर नुसता दाह, २ च्या वर असेल तर कमतरता, असा ढोबळ अर्थ. पद्धत बदलली की मर्यादा बदलते, म्हणून त्याच प्रयोगशाळेची मर्यादा वापरायची. हेपसिडीनची तपासणी मात्र करू नका. वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, दिवसभरात ते खाली-वर होतं, आणि तुमच्या उपचारात त्याने काही बदलणार नाही.

आता काळ्या शौचाबद्दल, कारण सगळ्या पत्रातली आम्हाला सगळ्यात अस्वस्थ करणारी ओळ ती आहे. लोहाच्या गोळीने शौचाला काळपट, हिरवट-काळी आणि घट्ट होते. रक्तस्रावाची शौच डांबरासारखी चिकट, चकचकीत, पातळसर आणि विलक्षण दुर्गंधीची असते. लोह घेणाऱ्या माणसाचा हा फरक बघायचा राहून जातो, आणि तुम्ही तर डायक्लोफिनॅकवर आहात. पँटोप्राझोल जठराचं आणि ड्युओडेनमचं (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचं) रक्षण करतं, त्याच्या पुढच्या आतड्याचं नाही. वेदनाशामकांनी तिथेही व्रण होतात. डांबरासारखी शौच, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चुऱ्यासारखं काही, बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं यांपैकी काहीही झालं तर डायक्लोफिनॅक थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जा.

यांपैकी काही नसलं तरी रक्त जातंय का हे शोधायलाच हवं. शौचातलं रक्त शोधणारी इम्युनोकेमिकल चाचणी मोठ्या आतड्यातला स्राव पकडते. जठरातलं रक्त वाटेत पचून जात असल्याने ते तिला सहसा दिसत नाही. म्हणून चाचणी निगेटिव्ह आली की विषय संपला असं समजू नका. तुमच्या औषधांकडे बघता दुर्बिणीने जठर तपासायचं का, हे डॉक्टरांना थेट विचारा. त्याच वेळी हेलिकोबॅक्टर आणि सीलिअ‍ॅकची टीटीजी रक्ततपासणीही होऊन जाईल. पहिला जठरातला जंतू, दुसरा गव्हातल्या ग्लुटेनने होणारा आतड्याचा आजार; दोन्हींत आतडं लोह नीट घेत नाही.

पाळीचंही मोजमाप करा. सात दिवसांपेक्षा जास्त, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या गाठी पडणं, यांपैकी काहीही असेल तर स्राव जास्त समजतात. हिमोग्लोबिन १३ असताना ८० मिलिलिटर रक्त गेलं तर त्यासोबत सुमारे ३५ मिलिग्रॅम लोह जातं. मुळात महिन्याला जेमतेम ३० ते ६० मिलिग्रॅम शोषणाऱ्या शरीराला हा खर्च परवडत नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे हा स्राव कमी करायचे उपाय आहेत, आणि ते केले नाहीत तर बाकी सगळी मेहनत गळक्या घागरीत पाणी ओतल्यासारखी.

गोळ्यांचा हिशेबही एकदा मांडून बघू. कमतरता काढायचं जुनं सूत्र : वजन गुणिले (१५ वजा हिमोग्लोबिन) गुणिले २.४, अधिक साठ्यासाठी ५००. तुमच्यासाठी ५५ × ५.४ × २.४ म्हणजे ७१३, अधिक ५०० धरून सुमारे १,२०० मिलिग्रॅम. तुमच्या मॅक्रोफेजमध्ये काही लोह अडकलेलं आहे, त्यामुळे खरी तूट याहून कमी असेल. १०० च्या गोळीतलं १० टक्के शोषलं गेलं असतं तर रोज १० मिलिग्रॅम मिळून तीन महिन्यांत ९०० पर्यंत मजल गेली असती. हिमोग्लोबिन ०.३ ने हललं, म्हणजे शोषण त्याच्या आसपासही नव्हतं, किंवा जेवढं आत आलं तेवढं गळून गेलं. गोळीतलं लोह आतड्याच्या पेशीत शिरलं तरी पुढचं दार बंद असेल तर ते तिथेच फेरिटिनमध्ये बसतं, आणि तीन ते पाच दिवसांत ती पेशी झडली की शौचावाटे बाहेर. जे पेशीतही शिरलं नाही ते मोठ्या आतड्यात उतरून मळमळ आणि बद्धकोष्ठता करतं. गोळी दुप्पट केल्यावर यातलं नेमकं काय दुप्पट झालं ते तुम्ही अनुभवताय.

शिवाय गोळी स्वतःही हेपसिडीन वाढवते. ६० मिलिग्रॅम किंवा जास्त लोहाचा डोस घेतला की सुमारे २४ तास ते चढं राहतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीचं शोषण घटतं. लोह कमी असलेल्या पण दाह नसलेल्या स्त्रियांवरच्या २०१७ च्या अभ्यासात रोज घेतल्यावर १६.३ टक्के शोषण झालं, एक दिवसाआड घेतल्यावर २१.८ टक्के. तोच डोस दिवसात दोनदा विभागूनही फायदा होत नाही. तुमच्यात दाहामुळे हेपसिडीन मुळातच चढं असल्याने एक दिवसाआड घेऊन एवढी वाढ मिळेलच असं नाही. पण निदान पोटाला उसंत मिळेल, आणि तेही कमी नाही.

तर सध्यापुरतं असं करा. एक गोळी, एक दिवसाआड, सकाळी उठल्यावर, उपाशीपोटी पाण्यासोबत. सकाळीच का, तर हेपसिडीन सकाळी कमी असतं आणि दिवस चढेल तसं वाढतं. मळमळलं तर थोडं खाऊन घ्या. शोषण कमी होईल, पण गोळी सुटण्यापेक्षा ते बरं. चहा-कॉफी आधी-नंतर एक-दोन तास नको. कॅल्शियम रात्रीच राहू दे, ते योग्य जागी आहे. थायरॉइडची गोळी पुढेमागे सुरू झाली तर तिच्यात आणि लोहात चार तास ठेवा. पँटोप्राझोल जठरातलं आम्ल कमी करून लोहाचं शोषणही कमी करतं, पण डायक्लोफिनॅक चालू असेपर्यंत ते स्वतःहून बंद करू नका. आधी डायक्लोफिनॅक कमी होऊ दे. डब्यावर 'फेरस सल्फेट ३२५ मिलिग्रॅम' असं काही असेल तर त्यातलं प्रत्यक्ष लोह ६५ मिलिग्रॅमच असतं, हेही तपासून घ्या. डबा लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा. लोहाच्या मूठभर गोळ्या मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

हे चार आठवडे करा आणि त्याच प्रयोगशाळेत हिमोग्लोबिन, सीआरपी एकत्र तपासा. शोषण होत असेल तर या काळात हिमोग्लोबिन साधारण १ ने वाढायला हवं. तसं झालं तर हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही साठा भरायला आणखी तीन महिने गोळी चालू. ०.५ सुद्धा हललं नाही तर गोळ्यांवर आणखी वेळ घालवू नका.

पुढचा मार्ग शिरेतून लोह. आतड्याचं बंद दार त्यात टळतं. मॅक्रोफेजचं टळत नाही, कारण शिरेतून दिलेलं लोह आधी तिथेच जातं. पण पेशीत लोह भरपूर झालं की ती पेशी फेरोपोर्टिन जास्त बनवू लागते, त्यामुळे अडथळा असूनही बराच भाग रक्तात उतरतो. काही प्रकारांत एका बैठकीत १,००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, आयर्न सुक्रोज २०० च्या हप्त्यांत द्यावं लागतं. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया क्वचितच येते, तरी नंतर अर्धा तास निरीक्षणाखाली बसवतात. सुईच्या जागी जळजळ झाली तर लगेच सांगा. औषध कातडीखाली गेलं तर तपकिरी डाग कायमचा राहू शकतो. फेरिक कार्बोक्सिमाल्टोज या प्रकारानंतर रक्तातलं फॉस्फेट घसरू शकतं, म्हणून पुढच्या आठवड्यांत थकवा वाढला किंवा हाडं दुखू लागली तर ते तपासायचं. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असताना शिरेतून लोह घेत नाहीत, ते का हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल.

हे सगळं करताना सांध्यांकडे दुर्लक्ष झालं तर उपयोग अर्धाच. दाह फक्त लोहच अडवत नाही. तो मूत्रपिंडांतून येणारं, तांबड्या पेशी बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन दाबतो आणि तांबड्या पेशींचं आयुष्यही कमी करतो. सीआरपी ३२ आणि डायक्लोफिनॅक रोजचं झालं, याचा सरळ अर्थ आजार आटोक्यात नाही. ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना (सांध्यांच्या आजाराच्या डॉक्टरांना) पुढच्या भेटीत हेच सांगा, हिमोग्लोबिनचा कागद समोर ठेवून. मेथोट्रेक्सेटचा डोस, ते इंजेक्शनने देणं, दुसऱ्या औषधाची जोड किंवा बायोलॉजिकल औषध (दाहाचा ठरावीक संदेश अडवणारं), हे पर्याय त्यांच्या हातात आहेत. टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्युकिन-६ पेशीवर जिथे चिकटतं तो रिसेप्टरच अडवतं, त्यामुळे त्याने हेपसिडीन उतरतं आणि हिमोग्लोबिन वाढताना दिसतं. केवळ अ‍ॅनिमियासाठी ते कोणी देणार नाही, पण दोन औषधांत निवड करायची असेल तर हा मुद्दा डॉक्टरांनी विचारात घ्यावा असं नक्की म्हणू.

शिरेतून लोह घेतलंत तर फेरिटिन लगेच तपासू नका. पहिले काही आठवडे ते भलतंच चढलेलं दिसतं आणि विनाकारण घाबरवतं. आठ आठवडे जाऊ द्या, आणि त्या दिवशीही सीआरपी सोबत करा.